हातात चार लाख: सोलापुरात पहिली खरेदी कशाची? हद्दवाढीतला गुंठा की जुना फ्लॅट?

हिशोबवही:
चार लाख रोख आणि महिन्याला दहा-बारा हजारांची बचत, एवढ्यावर जागेत उतरायचं म्हटलं की सोलापुरात बहुतेक जण एकच सांगतात, हद्दवाढ भागात (महापालिका हद्दीत नंतर आलेल्या वस्त्यांत) गुंठा घेऊन टाक. माझं मत उलटं आहे. पहिली खरेदी सामाईक उताऱ्यातला (एकाच सातबाऱ्यावर अनेकांची नावं असलेला) गुंठा असू नये. बँक कर्ज देईल असा, कागद पूर्ण असलेला जुना छोटा फ्लॅट असावा.

14 लाखांचा जुना वन बीएचके धरा. 30 लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे 12 लाख 60 हजार. तुमचे 1 लाख 40 हजार. महापालिका हद्दीत मुद्रांक 6 टक्के, 84 हजार. नोंदणी फी 1 टक्का, 14 हजार. इथवर 2 लाख 38 हजार झाले. वकिलाचा शोध अहवाल, बँकेची प्रक्रिया फी, सोसायटीचं हस्तांतरण, नळ-वायरिंग आणि रंग यांना लाख-सव्वा लाख ठेवा. घर बायकोच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सूट मिळते, म्हणजे 14 हजार वाचले. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखाला 868 रुपये हप्ता बसतो, महिन्याला साधारण 10,940.

गटनंबर:
तुमचा हिशेब हप्त्यापाशी थांबला, भाड्यापर्यंत आलाच नाही. त्या फ्लॅटचं भाडं पाच हजार धरू. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात नुसतं व्याजच 8,925 आहे. भाडं सगळं व्याजात गेलं तरी चार हजार खिशातून, वर मुद्दल वेगळं. त्यात मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे एक-दोन महिने. इमारत दरवर्षी जुनी होणार आणि तिच्याखालच्या जमिनीत तुमचा वाटा असतो कितीसा? जमिनीला ना गळती ना रंग. 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या कितीतरी वस्त्या आधी गुंठ्या-गुंठ्यानेच बसल्या, रस्ता आणि नळ मागून आले. गुंठेवारी कायदा (विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा) 2001 चा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने नियमितीकरणाची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. 2025 मध्ये तुकडेबंदीतही (ठरावीक मापाहून लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीत) शासनाने दिलासा दिला. मग गुंठ्याला एवढं घाबरायचं कशाला?

फेरफारवाचक:
गटनंबर साहेब, भाड्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण गुंठेवारी आणि तुकडेबंदीचे दोन्ही दिलासे ठरावीक तारखेआधीच्या व्यवहारांसाठी आहेत. आज नव्याने पाडलेल्या तुकड्याला ते लागू होत नाहीत. विकणारा मात्र "आता सगळं नियमित होतंय" असंच सांगतो, आणि नवा माणूस तिथेच फसतो.

उतारा हातात घेऊन बघू. गटाचं क्षेत्र 1 हेक्टर 21 आर, म्हणजे तीन एकर, जवळपास 120 गुंठे. भोगवटादाराच्या रकान्यात साठ-सत्तर नावं आणि पुढे "सामाईक क्षेत्र". म्हणजे तुमचा गुंठा (33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट) त्या तीन एकरांत नेमका कुठे, ते उतारा सांगत नाही. ते दाखवतात विकणाऱ्याने जागेवर टाकलेल्या चुन्याच्या रेषा आणि त्याचा कागदी नकाशा, ज्यावर कुणाचीच मंजुरी नाही. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के खुली जागा सोडावी लागते, शिवाय अंतर्गत रस्ते. इथे 120 च्या 120 गुंठे विकलेले असतात. उद्या मोजणी झाली की शेवटी घेणाऱ्यांचे तुकडे रस्त्यावर येतात.

शेतजमिनीला 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते माप) जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे आहे. म्हणून दहा-अकरा जण मिळून एकच दस्त करतात. पुढे एकाला विकायचं झालं की बाकीच्यांच्या सह्या शोधत फिरावं लागतं. बँक अशा हिश्श्याला तारण धरत नाही, मग घेणाराही रोखीचाच शोधावा लागतो. शिवाय जमीन शेतीचीच असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, ही अट वेगळीच.

आणि नोटरी केलेल्या कागदाने मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर विक्री होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

एकयुनिट:
भाडंच हवं असेल तर कर्ज कशाला? रीट घ्या, म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींमधला शेअरसारखा छोटा वाटा. सेबीचे नियम 2014 चे, पहिला रीट 2019 मध्ये शेअर बाजारात आला आणि 2021 पासून एकेक युनिट घेता येतं. एका युनिटला काही शे रुपये, डीमॅट खातं असलं की झालं. वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान 90 टक्के वाटणं बंधनकारक आहे. गळती नाही, भाडेकरू नाही, विकायचं तर त्या दिवशी विकता येतं.

हिशोबवही:
रीट चांगलं साधन आहे, त्याला विरोध नाही. पण त्यातल्या इमारती मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या, सोलापूरच्या वाढीशी त्यांचा संबंध नाही. भावही शेअरसारखा खाली येतो. आणि चार लाख घातले तर चार लाखांवरच परतावा. फ्लॅटमध्ये 14 लाखांच्या मालमत्तेवर भाववाढ मिळते.

एकयुनिट:
आणि 14 लाखांवर भाव पडला तर? कर्ज दोन्ही बाजूंनी कापतं. सोलापुरात जुना फ्लॅट सहा महिने गिऱ्हाईक न मिळता पडून राहू शकतो, हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. फ्लॅट घ्यायचाच असेल तर सहा हप्त्यांएवढे 65 हजार वेगळे ठेवूनच घ्या. तुमच्या वरच्या हिशेबात त्याला जागा फारच थोडी उरलीय.

हिशोबवही:
हे मान्य. खर्च 2 लाख 38 हजार, वर सव्वा लाख, उरले 37 हजार. मग 14 ऐवजी 10 लाखांच्या आतलं घर बघावं. त्यात आणखी एक सोय आहे, दहा लाखांपर्यंतच्या घराला मुद्रांक आणि नोंदणीचा खर्चही बँक किमतीत धरू शकते.

टाकीचं_माप:
जुना फ्लॅट म्हणताय तर इमारतीचं बघू. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून भाडं ठरतं ते खालच्या टाकीवर. माणशी 135 लिटर, घरात चार माणसं, चार दिवस: एका फ्लॅटला 2,160 लिटर. 12 फ्लॅटला जवळपास 26 हजार. टाकीचं झाकण उघडा, लांबी, रुंदी, खोली फुटांत गुणा आणि 28.3 ने गुणा, लिटर निघतात. 12 बाय 9, खोली 9 फूट असेल तर साडेसत्तावीस हजार, पुरेल. 8 बाय 6, खोली 6 असेल तर आठ हजार दीडशे. मग टँकरचा खर्च आला आणि भाडेकरू दोन महिन्यांत सोडून जातो. जुळे सोलापूर असो की शेळगी, हे माप आधी घ्या, टाइल्स नंतर बघा.

वापर परवाना (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का, हेही विचारा. मंजूर नकाशात तीन मजले आणि उभे चार असतील तर वरच्या मजल्याला बँक कर्ज नाकारते. इमारतीचं वय आणि कर्जाची मुदत मिळून किती चालतं हे प्रत्येक बँकेचं वेगळं, म्हणून आधी बँकेच्या मूल्यांककाला विचारा, मग विसार द्या. विसार देऊन कर्ज नाकारलं तर पैसे परत मिळतील, हे विसार पावतीत लिहून घ्या. विसाराची रक्कम चेकनेच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो.

गटनंबर:
सामाईक उताऱ्याचा मुद्दा मला पटला. तरी जमीन सोडा म्हणणार नाही. मंजूर रेखांकनाचा बिगरशेती प्लॉट हप्त्यांवर मिळतो की. बाळे, केगावकडे तसे प्लॉट शोधता येतात.

फेरफारवाचक:
तिथेही दोन गोष्टी. 500 चौरस मीटरपेक्षा मोठं प्लॉटिंग महारेरात (बांधकाम-प्लॉटिंग प्रकल्पांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदलेलं हवं. नोंदणी क्रमांकावर प्रकल्पाचं पान उघडतं, त्यात बोजा आणि दावे दिसतात. आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. 36 हप्ते भरून शेवटी खरेदीखत, असं म्हणणाऱ्याकडून आधी साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवून घ्या. मुद्रांक तेव्हाच भरला तर खरेदीखताला नाममात्र लागतो. साठेखत नसताना मधेच मालक वारला, तर वारस म्हणतात आम्हाला काही ठाऊक नाही.

वारसांचं सांगतो, कारण आपल्याकडे व्यवहार बहुतेक इथेच अडतात. फेरफार (सातबाऱ्यावरची नावं का बदलली त्याच्या नोंदी) उलटे वाचत जा, किमान 30 वर्षं मागे. वारसनोंद जिथे झाली तिथे बहिणींची नावं आहेत का बघा. नसतील किंवा हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल, तर त्यांची सही दस्तावर हवीच. "ती काही मागणार नाही" यावर विश्वास ठेवू नका. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा, कूळ आणि भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) आहे का तेही बघा. वर्ग 2 ला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मग जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्या.

गटनंबर:
बहिणींच्या सहीचं अगदी खरं. आणि शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर सातबाऱ्यासोबत मालमत्ता पत्रकही काढा, दोन्हीवरची नावं जुळतात का बघा. शिवाय खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. ते संपून नोंद प्रमाणित होईपर्यंत तलाठ्याकडे दोन-तीनदा जा.

टाकीचं_माप:
भाड्याने देताना 11 महिन्यांचा करारनामाही नोंदवायचाच, महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे. शहरात नोंदणी फी 1,000 आणि मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का, वर अनामतीवरचं 10 टक्के व्याज धरून. पाच हजार भाड्याला मुद्रांक दीडशेच्या आसपासच येतो.