विषय: होम रिसॉर्ट कुठलं घेऊ? सोमवारपर्यंत ब्रोकरला सांगायचंय

प्रेषक: नितीन (सध्या सोलापूर)

मंडळी, संक्रांतीच्या शुभेच्छा वेगळ्या टाकतो, आधी हे घाईचं. डिस्ने व्हेकेशन क्लबचा (डिस्नेच्या रिसॉर्टांचं टाइमशेअर, दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात, ते खर्चून राहायचं) विषय परत काढतोय, मागच्या पिकनिकला यावरून काय झालं ते लक्षात आहे म्हणून भीतभीतच. रिसेलवाल्या (जुन्या मेंबरांचे करार विकणाऱ्या) ब्रोकरकडे दोन करार आहेत, दोन्ही १६० पॉइंटचे, एक ॲनिमल किंगडम व्हिलाज आणि एक बीच क्लब; ज्याचा करार घेऊ ते आपलं होम रिसॉर्ट. सोमवारपर्यंत सांगा नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतोय (ते सगळ्यांनाच म्हणतात, माहितीये). मी गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आलोय, घर पाहुण्यांनी भरलंय, लॅपटॉप उघडला की थोरली मांडीवर येऊन बसते, त्यामुळे सगळं वाचून काढणं होत नाहीये.

अडचण अशी की आई-बाबा एप्रिलमध्ये तिकडे अमेरिकेत येणार. सोलापूरचा एप्रिल-मे आता त्यांना सोसत नाही. व्हिसा आहे दोघांचा. आम्ही चौघं, ते दोघं. थोरली पाचची, धाकटा जूनमध्ये तीनचा होईल. आईचं एकच म्हणणं, स्वयंपाकघर पाहिजे, रोज बाहेरचं नको. स्टुडिओत नुसता मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज, वन बेडरूममध्ये शेगडी, भांडी, वॉशिंग मशीन सगळं, पण पॉइंट जवळपास दुप्पट. बीच क्लब २०४२ ला संपतो, ॲनिमल किंगडम २०५७ ला. बायको बीच क्लब म्हणते, तिथल्या पूलच्या तळाला वाळू आहे आणि एपकॉट पार्क पायी. मला ॲनिमल किंगडम बरं वाटतंय, बाबांना गॅलरीतून जिराफ दिसला तर त्यांचा दिवस तिथेच जाईल. कुठलं घेऊ?

प्रेषक: वसंतकाका

चि. नितीन, प्रवासाविषयीचे प्रश्न आधी माझ्याकडे पाठवायचे असं मंडळाच्या कार्यकारिणीत ठरलं होतं, असो. होम रिसॉर्ट म्हणजे नुसतं कागदावरचं नाव. सात महिने आधी सगळी रिसॉर्ट सगळ्यांना उघडतात, तेव्हा जिथे वर्षाचा मेंटेनन्स कमी आणि भाव कमी तिथे घ्यायचं आणि राहायचं हवं तिथे. आमचं ओल्ड की वेस्ट आहे, क्लब १९९१ मध्ये सुरू झाला तेव्हाचं हे पहिलं रिसॉर्ट, आणि खोल्या अजून सगळ्यांत ऐसपैस त्याच. हिच्या माहेरची सगळी माणसं त्यात मावली होती. बाकी लोक मोनोरेल मोनोरेल करतात, त्यांना करू द्या.

प्रेषक: स्मिता

काका, शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं हे कळलं हो.

नितीन, "सात महिन्यांनी सगळं उघडतं" हे कागदावर खरं आहे, पण त्याच्या आधी चार महिने होम रिसॉर्टवाल्यांनी बुकिंग करून ठेवलेलं असतं ना! होमवाल्यांना अकरा महिने आधी मिळतं, बाकीच्यांना सात. ईस्टर, स्प्रिंग ब्रेक, ख्रिसमस अशा वेळी लहान रिसॉर्टमध्ये सात महिन्यांना काय उरणार? बीच क्लब लहान आहे. सॅराटोगा स्प्रिंग्ज अवाढव्य, तिथे मिळतं. तेव्हा जिथे राहायचंय तेच घ्यायचं, ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांनी तर नक्कीच, कारण तुम्ही शाळेच्या सुट्टीलाच जाणार आणि सगळं जग तेव्हाच जातं.

आणि दोन्ही सोडून बे लेक टॉवर का बघत नाहीस? मॅजिक किंगडम पार्क चालत. एवढी लहान मुलं दुपारी झोपायला परत आणावीच लागतात, पाच मिनिटं स्ट्रोलर ढकलला की खोली. ॲनिमल किंगडमला फक्त बस आहे, ना मोनोरेल, ना बोट, ना स्कायलायनर (केबल कार). झोपलेलं पोर खांद्यावर, स्ट्रोलर घडी करून काखेत, आणि शेजारी आईंचा गुडघा! करून बघा.

प्रेषक: पद्मा

स्वयंपाकघराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वन बेडरूममध्ये पातेली, फ्राइंग पॅन, ताटल्या सगळं असतं पण भाकरीचा तवा आणि परात कुठून असणार, ते घेऊन जा. आम्ही किदानी व्हिलेजला (ॲनिमल किंगडमचाच अर्धा भाग, दुसरा जांबो हाउस) राहिलो तेव्हा सासूबाईंनी भाकरी केल्या, वरचं पीठ तव्यावर जळायला लागलं आणि सगळ्यांच्या नजरा छताकडे. अलार्म वाजला नाही पण पंखा लावून दार उघडं ठेवून करा. त्यापेक्षा सरळ सोलापूरहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायची, महिनाभर काही होत नाही. फॉर्मवर डिक्लेअर मात्र करा.

किदानीच्या वन बेडरूमला बाथरूम दोन आहेत. आजी-आजोबा बरोबर असले की सकाळी याची किंमत कळते. खालीच साना म्हणून रेस्टॉरंट आहे, नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, खिडकीबाहेर झेब्रे. माझ्या सासऱ्यांनी नानला नावं ठेवली आणि संपवला.

प्रेषक: मीनल

पद्माताई कडक भाकरी बाजरीची की ज्वारीची? बाजरीची टिकते का? आमच्या मावशी पाठवतात ती प्रवासात चुरा होऊन येते, तुम्ही कशात भरता?

नितीन, टाइमशेअर म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. ऑर्लँडोला एका कंपनीच्या (ही डिस्ने नव्हे) फुकट तिकिटांच्या नादात आम्ही प्रेझेंटेशनला बसलो, नव्वद मिनिटं म्हणाले आणि जेवायची वेळ टळली तरी सोडेनात, शेवटी मुलगी रडायला लागली म्हणून सुटलो. सोलापुरात माझ्या भावालाही असाच फोन, "नवरा-बायको दोघं या, डिनर फुकट." फ्लोरिडात सही केल्यावर दहा दिवसांत करार रद्द करता येतो, हे लोकांना माहितीच नसतं. भाड्याने जावं आणि मोकळं व्हावं.

प्रेषक: पद्मा

ज्वारीची. स्टीलच्या डब्यात, मध्ये कागद घालून. बाजरीची लवकर खवट होते.

प्रेषक: सुनील (जुळे सोलापूर)

नित्या, तू गावातच हायस आणि मला फोन न करता जगाला मेल करलालास व्हय बे? असू दे. आज पाणी आलंय, सकाळपासून टाक्या भरून झाल्या, आता निवांत लिहितो.

सगळे होम रिसॉर्टवर भांडलालेत पण तारखा कोणी बघंना. आत्ता जानेवारी. तू सोमवारी हो म्हणालास तरी आधी करार डिस्नेकडं जाणार, त्यांचा पहिला हक्क असतोय, त्याच भावात ते स्वतःच उचलू शकतात, त्यांचं उत्तर यायला काही आठवडे. मग क्लोजिंग (खरेदीचे कागद पुरे करणं), मग मेंबरशिप तुझ्या नावावर, मग खात्यात पॉइंट. एप्रिल कुठं राहिला? आणि समजा उद्याच पॉइंट हातात आले. एप्रिलच्या बुकिंगचे अकरा महिने मागच्या मे महिन्यातच सुरू झाले, सात महिन्यांची खिडकीसुद्धा सप्टेंबरात उघडून गेली. आता तू आणि वसंतकाका आणि रस्त्यावरचा कुठलाबी मेंबर एकाच रांगेत. या ट्रिपला होम रिसॉर्टचा उपयोग शून्य. मग सोमवारची घाई कुणाची, तुझी की ब्रोकरची?

दुसरं, धाकटा. किदानीच्या वन बेडरूमला माणसं पाच, वर तीन वर्षांच्या आतलं एक पोर क्रिबमध्ये (पाळण्यात) चालतंय, ते मोजत नाहीत. या एप्रिलला तुम्ही पाच अधिक क्रिब, बरोब्बर बसताय. पार्कचं तिकीटबी त्याला लागत नाही, तीनच्या आत फुकट. पुढच्या एप्रिलला तो तीनच्या वर, तुम्ही सहा, वन बेडरूम बाद. मग टू बेडरूम, किंवा वन बेडरूम अधिक स्टुडिओ. ईस्टरच्या आसपास टू बेडरूमचा आठवडा १६० पॉइंटात बसत नाही, पॉइंटचा चार्ट उघडून बघ. मागच्या वर्षीचे पॉइंट बँक करायचे (साठवायचे), पुढच्या वर्षीचे बॉरो करायचे (आधीच वापरायचे), म्हणजे एक वर्ष जायचं आणि एक वर्ष फोटो बघत बसायचं. तू १६० चा करार घेतलालास तो चार माणसांच्या हिशोबानं, आणि प्रश्न विचारलालास सहा माणसांचा.

म्हणून या एप्रिलला कुणाचे तरी पॉइंट भाड्यानं घे. आई-बाबांना खरंच मानवतंय का बघ. मग ठरव की दरवर्षी सहा जाणार की चार. चारच जाणार असाल तर बीच क्लबचा स्टुडिओ भरपूर झाला, त्यात पाच झोपतात. २०४२ चं म्हणशील तर तवर तुझी पोरं तुझ्याबरोबर यायची नाहीत. मेंटेनन्स मात्र तवर दरवर्षी भरायचाय, गेलास तरी आणि न गेलास तरी.

प्रेषक: स्मिता

सुनीलदादा, पण ईस्टरला तीन महिने असताना भाड्याने तरी काय मिळणार? ज्याच्या पॉइंटवर घेणार तोही त्याच रांगेत ना. सॅराटोगा नाहीतर ओल्ड की वेस्ट, बाकी आशा नको. ओल्ड की वेस्टला लिफ्ट फक्त मोजक्या इमारतींना आहे, गुडघेवाल्या बाईंना दुसऱ्या मजल्यावर चढवणार का?

प्रेषक: वसंतकाका

लिफ्ट नाही म्हणून काय झालं, तळमजला मागता येतो. आम्ही दर वेळी मागतो आणि मिळतो. सौ. स्मिता यांनी ओल्ड की वेस्ट पाहिलेलं नाही हे मला ठाऊक आहे.

प्रेषक: स्मिता

मागता येतो, मिळेलच असं कुठे लिहिलेलं नाही काका. विनंती असते ती. आणि पाहिलंय मी, तुमच्याच पार्टीला आले होते.

प्रेषक: नितीन

काका, ताई, तळमजल्याचं राहू द्या जरा. सुनीलदादाचं वाचून बायको दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, मी आधीपासून हेच म्हणत होते. (नव्हती म्हणत.) तीन वर्षांचा मुद्दा डोक्यातच नव्हता आला. आई मात्र विचारतेय की सहा माणसं आहेत तर सहा म्हणायला काय होतं, सुनासुनांनी पूर्वी दहा माणसं एका खोलीत झोपवली. तिला फायर सेफ्टी समजावून झाली.

दोन प्रश्न. ईस्टर टाळून एप्रिलच्या शेवटी गेलो तर? थोरली किंडरगार्टनला आहे, चार दिवस शाळा बुडली तर चालेल. आणि दादा, तू अमेरिकेतून परत येऊनही तुझा क्लबचा करार ठेवलायस तो का? आम्हीही चार-पाच वर्षांत परतायचं म्हणतोय.

प्रेषक: मीनल

किंडरगार्टनची शाळा बुडवा हो बिनधास्त, नंतर जमत नाही. आमच्याकडे आता सायन्स फेअर की काय ते.

प्रेषक: सुनील (जुळे सोलापूर)

एप्रिलअखेर लई चांगलं. ईस्टरची गर्दी ओसरलेली असते, पॉइंटबी कमी लागतात, खोल्या सुटायला लागतात. वेटलिस्टबी लावता येते.

करार ठेवला कारण विकायला गेलो तेव्हा कळलं, अनिवासी माणसानं अमेरिकेतली स्थावर विकली की किमतीच्या १५ टक्के कापून तिकडच्या टॅक्सवाल्यांकडं ठेवतात, मग रिटर्न भरायचं आणि परत मागायचे. ही फ्लोरिडाची रीतसर डीड (खरेदीखत) असलेली मालमत्ता हाय, जिमची मेंबरशिप नव्हे. आता मेंटेनन्स डॉलरमध्ये भरतोय आणि कमाई रुपयात, दर जानेवारीला बायको ते बिल माझ्यासमोर ठेवून काही न बोलता आत जाते. परतायचं असेल तर हे लक्षात घेऊन घे. वसंतकाका सांगत नाहीत कारण ते परतणार नाहीत.

एक गंमत हाय. ऑनलाइन बुकिंग तिकडच्या सकाळी आठला उघडतंय, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तिकडं लोक झोपेत बटण दाबतात, मी चहा पिऊन फ्रेश बसतो. पुतण्याचं पॉलिनेशियन रिसॉर्टचं बुकिंग मीच इथून केलं.

आणखी एक, रिसेलचे पॉइंट रिव्हिएरावर आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्टवर चालत नाहीत, जानेवारी २०१९ पासूनचा नियम. ब्रोकर नव्या जागांचे फोटो दाखवेल, भुलू नको.

प्रेषक: नितीन

ठरलं, ब्रोकरला नाही कळवतोय. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यासाठी किदानी वन बेडरूम, नसेल तर सॅराटोगाची लिफ्टजवळची, कोणाकडे पॉइंट असतील तर सांगा. बाबांना जिराफाचं सांगून बसलोय. दादा, खोलीचा व्ह्यू जनावरांचा नसेल तरी जनावरं दिसतात का कुठून?

प्रेषक: पद्मा

दिसतात, लॉबीच्या मागे बाहेर ओटे आहेत, तिथून सगळ्यांना. स्टँडर्ड व्ह्यू घ्या, पॉइंट वाचवा. खुर्ची टाकून बसू द्या बाबांना.

प्रेषक: सुनील (जुळे सोलापूर)

माझे जून यूज इयरचे (पॉइंटचं वर्ष जून ते मे) पॉइंट हायत, मागच्या वर्षीचे बँक केलेले, ३१ मेला मरतात. मला यंदा यायचं नाही. आत्ता साइट उघडून बघितली, किदानी स्टँडर्ड वन बेडरूम चार रात्री दिसलाली, पाचवी वेटलिस्टवर. बुकिंग माझ्या खात्यातून होणार, खोली तुझ्या नावावर, पण नंतर काही बदल करायचा झाला तर मलाच करावा लागेल, तुला नाही. रद्द केलंस तर पॉइंट माझ्याकडं परत येऊन मेमध्ये मरणार, तवा नीट विचार करून सांग.

प्रेषक: वसंतकाका

यादीवर पैशाचे व्यवहार करू नयेत हा नियम मीच लिहिला आहे, कृपया पाळावा. तसेच पुढच्या वेळी प्रवासाचे प्रश्न माझ्याकडे.

ओल्ड की वेस्टला त्या आठवड्यात टू बेडरूम दिसत आहे. नुसतं सांगून ठेवतो.

प्रेषक: सुनील (जुळे सोलापूर)

बरं काका. नित्या, संध्याकाळी साडेसहाच्या आत घरी ये, आधार कार्डावरची स्पेलिंग नको, सगळ्यांच्या पासपोर्टवरची आण. आणि येताना नव्या पेठेतून अर्धा किलो शेंगाचटणी घेऊन ये, पैशाचा व्यवहार इथं नको म्हणलेत.