मदत हवी आहे: एकच कन्सोल एका देशात चालतो, दुसऱ्या देशात का पडतो?

व्हिडिओ गेम कन्सोलच्या प्रादेशिक यशापयशावर लेख लिहीत असून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. १९८७ साली जपानमध्ये आलेल्या पीसी इंजिन या कन्सोलने तिथे विक्रीत सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलला मागे टाकले. अमेरिकेत मात्र टर्बोग्राफ्क्स-१६ या नावाने १९८९ मध्ये उतरलेल्या याच यंत्राचा त्याच मेगा ड्राइव्हपुढे, म्हणजे तिथल्या जेनेसिसपुढे, निभाव लागला नाही. ब्राझीलमध्ये टेकटॉय या तिथल्या कंपनीने सेगाचा मास्टर सिस्टम हा कन्सोल देशातच तयार केला आणि एका गेमचा नायक बदलून तिथे मोनिका हे मुलांचे लाडके कॉमिक पात्र बसवले, हा तपशील मला फार बोलका वाटतो. अशा यशात स्थानिक उत्पादनामुळे आवाक्यात आलेली किंमत आणि ओळखीचे गेम यांचा वाटा वेगवेगळा कसा तपासावा, हे कृपया सोदाहरण सांगावे.