स्वतःचे शब्द, स्वतःची चाल: भजन लिहिणाऱ्याने पुढे कसं जावं?

तिफन_आणि_टाळ
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातलं आमचं महिला भजन मंडळ, अकरा जणी. माझ्या वहीत स्वतःची तीसेक भजनं आहेत, पण मंडळात सिनेमाच्या चालीवर बसवलेलीच म्हणतात. माझे शब्द घेतले की मध्येच अडखळतात. पेटीवाले दादा म्हणतात, "मीटर नाही." घरचे म्हणतात, हे शिकलेल्यांचं काम. शब्द कसे बसवावे, चाल कशी करावी, आणि उद्या कोणी आपल्या नावावर खपवलं तर काय, हे कोणी नीट सांगेल का?

अक्षरमोजणी
ताई, आधी "शिकलेल्यांचं काम" याचं. गाडगेबाबांनी शाळा पाहिली नव्हती, आणि त्यांचं कीर्तन वऱ्हाडीतच चालायचं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरून घेतली म्हणून राहिली. तुमच्याकडे तर वही आहे.

आता मीटर. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं 6-6-6-4, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच मोजायचं. उदाहरण करून दाखवतो:

पेरणीच्या दिशी । हाती तुझे नाव ।
ओंजळीत गाव । देवा तुझा ॥

इथे "दिशी"च्या जागी "दिवशी" लिहिलं की सात अक्षरं होतात. बोलताना आपण "दिव्शी" म्हणतो, म्हणून लिहिणाऱ्याला चूक ऐकू येत नाही. गाताना मात्र "व" सुटा उभा राहतो आणि एक जण तो गिळते, दुसरी ओढते. तुमचं अडखळणं बहुतेक इथलंच. मनात म्हणून मोजू नका, बोटांवर अक्षर-अक्षर मोजा.

दुसरी जागा ठेक्याची. भजनी ठेका आठ मात्रांचा, अक्षरं सहा. म्हणजे दोन अक्षरं दुप्पट ओढावी लागतात: पे ऽ र णी च्या ऽ दि शी. शेवटच्या चार अक्षरांना दोन-दोन मात्रा: दे ऽ वा ऽ तु ऽ झा ऽ. हाच साचा तिसऱ्या चरणाला लावला तर "ओं ऽ ज ळी त ऽ गा व" होतं, आणि ऱ्हस्व "त" ओढल्याने शब्द फुटतो. तिथे "ओं ऽ ज ळी ऽ त गा व" असं ओढणं "ळी"वर घ्या. साधा नियम: सहा अक्षरांच्या चरणात ओढ नेहमी दीर्घ अक्षरावर. तिथे दीर्घ अक्षरच नसेल तर शब्द बदला. ठेका बदलायला जाऊ नका.

आणि शब्द आपलेच ठेवा. "वावर", "पऱ्हाटी", "डवरा", "बंडी" हे शब्द भजनात यायलाच पाहिजेत. "भवसागर" आणि "मायाजाळ" हजारदा येऊन गेलेत, ते म्हणताना तोंड चालतं पण मन हलत नाही.

काळी_चार
चालीबद्दल. सुरुवात पेटीवर करू नका. बोटं सवयीच्या गाण्याकडे वळतात आणि चाल आपोआप ओळखीची होते. शब्द दहा वेळा साधे, ठसक्यात वाचा, टाळी देत. बोलण्यातला चढ-उतार कुठे येतो ते बघा आणि तोच गुणगुणून फोनमध्ये घ्या. मग पेटीवर सूर शोधा. भूप (सा रे ग प ध) किंवा दुर्गा (सा रे म प ध) यांत पाचच सूर असल्याने मंडळाला लवकर बसतात.

ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सगळ्यांनी म्हणायचं असतं, ते वरच्या सा च्या खालीच ठेवा. वरचा सा अंतऱ्यात, तोही एकीनेच घ्यावा.

पट्टीचा, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा याचा, घोळ फार मंडळांत असतो. पेटीवाला पुरुष स्वतःच्या गळ्याची काळी एक किंवा दोन धरतो. मग बायकांना ध्रुपद खर्जात जातं, नाहीतर एकदम किंचाळावं लागतं. महिला मंडळाने काळी चार धरून बघावी, आवाज चढा असेल तर काळी पाच. गळा दुखतोय म्हणजे चाल वाईट असं नसतं.

खंजिरी_मोझरी_रोड
सिनेमाच्या चालीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. बसवणं शिकायला ती चांगली पाटी आहे. पण देवळातल्या धार्मिक कार्यक्रमात म्हणणं वेगळं आणि त्याचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणं वेगळं. चाल दुसऱ्याची असली की तिच्या मालकांचा दावा येतो, कमाई त्यांच्याकडे वळते किंवा व्हिडिओ बंद होतो. शब्द तुमचे असूनही.

अक्षरमोजणी
सहमत. पण ताईंची तीस भजनं तयार आहेत, त्यांनी पाटीवर थांबू नये.

वहीचा_मालक
हक्काचं सांगतो. लिहिल्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही. मुदत कवीच्या हयातीनंतर 60 वर्षं. शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती आहेत, त्यामुळे चाल पेटीवाल्या दादांनी केली तर त्यांचं नाव वहीत तारखेसह लिहा. नोंदणी ऑनलाइन होते, साहित्यकृतीला शुल्क 500 रुपये, आणि अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. सगळ्या तीस करू नका, मंडळाबाहेर जाणाऱ्या दोन-तीन करा.

रेकॉर्डिंगवाला कागद पुढे करील तेव्हा मुदत आणि प्रदेश लिहिलेला बघा. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. "सर्व हक्क कायमचे" अशा ओळीवर सही करू नका. रेकॉर्डिंगमधल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला समान वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून देता येत नाही, हे त्यालाही ऐकवा.

आणि आपली जुनी सोय विसरू नका: नाममुद्रा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात "तुकड्यादास" येतं तसं शेवटच्या कडव्यात तुमचं नाव मोजून बसवा. कडवं गाळलं तरच नाव जातं, म्हणून ते अर्थाचं टोक असलेल्या कडव्यात घाला. स्वतःच्या रचनेत "तुका म्हणे" मात्र कधीच नको. आदर म्हणून घालतात, पण तुमचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातले जातात आणि गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

तिफन_आणि_टाळ
"दिवशी"चं तंतोतंत पटलं, वहीत अशा चार जागा सापडल्या. फोनवर रेकॉर्ड केलं तर खंजिरी कडकडते आणि शब्द ऐकू येत नाहीत, त्याला काय?

खंजिरी_मोझरी_रोड
फोनचा आवाज आपोआप कमी-जास्त होतो, खंजिरीची थाप आली की तो सगळंच दाबतो. ही सोय बंद करता येईल असं अ‍ॅप घ्या, वेव्ह फाइल ठेवा, आणि सगळ्यात जोराचा भाग वीस सेकंद घेऊन अ‍ॅपमधली आवाज दाखवणारी पट्टी लाल होत नाही ना बघा. फोन मुख्य गाणारीच्या तोंडापासून हातभर, थोडा बाजूला. पेटी चार फुटांवर, खंजिरी सहा-सात फुटांवर आणि तोंड फिरवून. पावसाळी हवेत खंजिरीचं कातडं सैल पडतं, आधी थोडं शेकून घ्या. टिनाच्या छपराखाली घेऊ नका, घुमतं. कापूस भरलेली खोली असेल तर तीच धरा, आवाज छान शोषते; खाज सुटते तेवढी सोसा. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नको.