एमडी-एमएसला थिसिसची सक्ती हवी का?

जेआर३_स्त्रीरोग
मी तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर (जेआर३). थिसिस, म्हणजे एमडी-एमएसचा संशोधन प्रबंध, जमा करायला तीन आठवडे उरलेत. परीक्षेच्या सहा महिने आधी तो विद्यापीठात पोहोचायला हवा आणि तो मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझं म्हणणं सरळ आहे: ही सक्ती काढून टाका.

विषय गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा. हिमोग्लोबिन ७ ते ९.९ असलेल्या १०० बायका. निम्म्यांना आयर्न सुक्रोज, निम्म्यांना एफसीएम (फेरिक कार्बोक्सिमाल्टोज), दोन्ही शिरेतून द्यायची लोहाची औषधं, चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी. आमचं कॉलेज मराठवाड्यात. नोंदणी भाद्रपदात सुरू झाली आणि दसरा झाल्यावर बायका यायच्या थांबल्या. ड्यूटी संपली की वहीतले नंबर लावत बसायचे. नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा, आणि तोही बंद. एकदा लागला तर मागे ट्रॅक्टरचा आवाज. "म्याडम, आम्ही कारखान्यावर आलोय. आता पाडव्यालाच गावाकडं."

शंभरातल्या ३९ परत आल्याच नाहीत. एका वरिष्ठांनी बाजूला घेऊन सांगितलं, "दीड-दोननं वाढलेलं दाखव, तक्ता पूर्ण कर, कोण बघतंय?" लेबर रूममध्ये शिकले त्याचा मला अभिमान आहे. या कागदांची लाज वाटते. खोटं बोलायला लावणारं काम सक्तीचं कशाला?

गाईड_१८वर्षं
खोटं बोलायला थिसिसनं नाही, त्या वरिष्ठांनी सांगितलं. ते आकडे भरू नकोस, एवढं आधी सांगते.

आता सक्तीबद्दल. उद्या तुझ्या दवाखान्यात एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) गुळगुळीत कागद घेऊन येईल: "आमच्या औषधानं धोका ५० टक्क्यांनी कमी." शंभरात दोघांना होणारा त्रास एकाला झाला, तरी ते ५० टक्केच! हे कुठं शोधायचं, कुठला तक्ता आधी उघडायचा, हे स्वतः मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा मूळ तक्ता) भरल्याशिवाय अंगात मुरत नाही. बहुतेक डॉक्टर आयुष्यात एकदाच संशोधन करतात. तेही काढून घेतलं तर उरतात फक्त एमआरचे कागद.

ग्रामीण_रुग्णालय
मॅडम, तुमच्यासारखे गाईड किती? माझ्या वेळी सिनॉप्सिस (थिसिसचा आधी द्यायचा आराखडा) म्हणजे आधीच्या बॅचचा विषय घेऊन साल बदलायचं. गाईडनी पहिल्यांदा वाचला तो बाइंडिंगच्या आदल्या दिवशी. त्यापेक्षा आपल्याच वॉर्डचा साधा ऑडिट करायला लावा: किती टाक्यांत पू झाला, का झाला, काय बदललं. आणि ज्याला खरंच प्रश्न पडतो तो कुणी न सांगता शोधतो. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडकडे विंचूदंशाचे रुग्ण बघता बघता प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, १९८६ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यांच्यावर कोणती सक्ती होती?

गाईड_१८वर्षं
बावस्करांचंच घ्या. विंचू चावून किती वेळ झाला, हातपाय गार आहेत का, बीपी किती, हे रुग्णागणिक टिपल्याशिवाय तो निष्कर्ष निघाला असता का? ती शिस्त सगळ्यांत उपजत नसते. आपल्याला ती लावावी लागते. आणि ऑडिटमध्येही आकडे खोटे भरता येतातच.

पीएसएमवाला
दोघांचं अर्धं पटतं. मी पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र विभागातला. माझ्याकडे नमुना संख्येसाठी (अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे ते ठरवायला) येणारे निम्मे जण ४पीक्यू भागिले एलवर्ग हे सूत्र घेऊन येतात. पी (आजाराचं अंदाजे टक्के प्रमाण) ५०, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल (चालणारी चूक) १० धरलं की बरोबर १०० येतात, आणि सगळे खूश. पण ते सूत्र एखाद्या आजाराचं प्रमाण काढायचं. दोन औषधांची तुलना करायची तर किती फरक महत्त्वाचा मानायचा आणि आकड्यांचं विचलन किती, ते धरावं लागतं. शिवाय अशा तुलनेची सीटीआरआयवर (औषध-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच हवी, २०१८ पासून मागाहून चालत नाही. हे पहिल्या वर्षी कुणी बसून शिकवत नाही. माझा राग त्याच्यावर आहे.

जेआर३, एक विचारतो. त्या ३९ कोण होत्या? आलेल्या ६१ जणींशी त्यांची सुरुवातीची माहिती ताडून पाहिलीस का?

जेआर३_स्त्रीरोग
काल रात्री पाहिलं. ३९ पैकी २७ ऊसतोडीच्या घरच्या. पत्त्याखाली मीच "कोयता" असं लिहून ठेवलं होतं आणि विसरले होते. त्या २७ पैकी १७ सुक्रोजच्या गटातल्या, आणि त्यातल्या ११ जणींचे डोससुद्धा अर्धवट राहिलेले.

सुक्रोज एका वेळी २०० मिग्रॅ, एक दिवसाआड, म्हणजे चार-पाच खेपा. एफसीएम १००० मिग्रॅपर्यंत एकाच बैठकीत जातं. मुकादमाची उचल घेतलेली बाई पाच खेपा कशा घालणार? हे मी चर्चेच्या प्रकरणात लिहितेय. मास्टर चार्टमध्ये त्या ३९ ओळी तशाच आहेत, हिमोग्लोबिनचा रकाना रिकामा. शेवटी एक नवा रकाना काढलाय: ऊसतोड, हो/नाही. गाईडना दाखवलं, त्यांनी सही केली.

सक्ती नको, हे माझं मत अजून तेच आहे. तीन वर्षांत हा प्रश्न मला विचारणारे तुम्ही पहिले.

ग्रामीण_रुग्णालय
सक्ती नको हे माझंही कायम. पण ते नंबर टाकून देऊ नकोस. पाडव्याला परतलेल्या बायका आता गावातच असतील. गाईडना विचारून पुन्हा फोन लाव. बाळंतपण कुठं झालं आणि बाळाचं वजन किती भरलं, एवढं तरी विचार.