हेवी इलेक्ट्रॉनिकसाठी गिटार ॲम्प हवाच का? सिंथ, पेडल आणि आपल्याकडचे हॉल

विश्रामबाग_मोनो

सिंथ घेतला की पाठोपाठ गिटार ॲम्प घ्यायचा, जमलं तर व्हॉल्व्हचाच (जुन्या काचेच्या नळ्यांचा), तरच आवाजाला वजन येतं, असा सांगली-साताऱ्याकडे पक्का समज आहे. माझं मत उलटं आहे. पहिल्या सेटमध्ये गिटार ॲम्प नकोच. एक मोनो सिंथ (एका वेळी एकच सूर वाजवणारा), एक डिस्टॉर्शन पेडल, एक डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी). उरलेले पैसे बऱ्या हेडफोनवर आणि केबलवर घाला.

गिटारची सर्वात जाड तार मोकळी छेडली की ८२ हर्ट्झचा सूर देते. कॅबिनेटमधला १२ इंची स्पीकर त्याच हिशेबाने बनवलेला असतो. सेलेशनच्या व्हिंटेज ३० ची रेंज कंपनीच ७० ते ५००० हर्ट्झ देते. सिंथचा बेस असतो ५५ वर, कधी थेट ३३ वर. म्हणजे ज्या सुरासाठी सिंथ घेतला, तोच सूर ॲम्प गिळून टाकतो. शिवाय पाठ उघडी असलेल्या कॅबिनेटमध्ये असा खालचा सूर जोरात घातला, तर कोन नुसता पुढेमागे हापसतो. आवाज फारसा निघत नाही, आणि तसाच रेटला तर कॉइल जाते.

आणि वाजवायचं कुठे? कॉलेजचं गॅदरिंग, नाहीतर एखादं मंगल कार्यालय. तिथे डॉल्बीवाल्याचे १८ इंची बेस आणि टॉप उभे असतातच. त्यांच्यापुढे ४० वॉटचा ॲम्प कोण ऐकणार?

राजवाडा_फीडबॅक

काय राव, निम्मीच गोष्ट सांगितलीत. ५००० च्या वरचं काही सोडत नाही हाच तर गिटार स्पीकरचा गुण आहे! डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला जोडा आणि डॉल्बीच्या टॉपमधून ऐका. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचराट हॉर्नमधून येतो. दोन मिनिटांत पब्लिक बाहेर चहाला.

पेडल बनवणाऱ्याने ते गिटार स्पीकर गृहीत धरूनच बनवलेलं असतं. स्पीकर काढून टाकला की पेडल अर्धवट राहतं. वाद्य म्हणजे सिंथ, पेडल, ॲम्प आणि कॅबिनेट मिळून एक. कॅबिनेटपुढे एसएम५७ माइक कोनाच्या मधोमध न धरता थोडा कडेला सरकवून धरा आणि तो डॉल्बीला द्या. मग ४० वॉट पुरतात का नाही ते बघा. डॉल्बी आहेच की मोठं करायला.

विश्रामबाग_मोनो

चरचराटावर इलाज फिल्टरचा आहे, त्यासाठी पंचवीस किलोची पेटी कशाला? पेडलनंतर ५ किलोहर्ट्झला लो-पास, म्हणजे त्यावरचं अडवणारा फिल्टर, लावायचा. उतार दर ऑक्टेव्हला २४ डीबीचा हवा, १२ ने भागत नाही. कॅबिनेटचा इम्पल्स (त्याच्या आवाजाचा डिजिटल ठसा) वाजवणारं छोटं पेडलही मिळतं, मुठीत मावतं.

राजवाडा_फीडबॅक

फिल्टर म्हणजे सरळ रेघ. स्पीकरला अडीच-तीन हजाराच्या आसपास स्वतःचा उठाव असतो, आणि जोर वाढला की तो दबतो. तुमचा इम्पल्स एकाच जोरावर घेतलेला असतो, त्यात ते दबणं येणार नाही.

सोल्डर_मिरज

तुमचं चालू द्या. पण माल जळतो तो या भांडणाच्या आधीच.

पहिलं, अडॅप्टर. कोर्गच्या व्होल्का मालिकेतल्या छोट्या सिंथना ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग पॉझिटिव्ह. बॉसच्या पेडलांनाही ९ व्होल्टच, पण मधला भाग निगेटिव्ह. व्होल्काचा प्लग जरा लहान असतो, पण घाईत पाहिलं तर सारखाच वाटतो. दुकानात अडॅप्टर व्होल्ट आणि ॲम्पिअर सांगून मिळतो, पोलॅरिटी कोणी विचारत नाही. मीटर लावून बघा, मग अडॅप्टरवर रंगीत टेप गुंडाळा. ॲम्पिअर जास्त असले तर चालतात, पोलॅरिटी उलटी चालत नाही. काही पेडलांत उलट्या सप्लायसाठी डायोड असतो, तो एकटा जातो. नसला तर आयसी जातो.

दुसरं, लेव्हल. गिटारच्या पिकअपमधून काही शे मिलिव्होल्ट येतात. सिंथमधून सहज एक-दोन व्होल्ट, काहींतून त्याहून जास्त. पेडल ९ व्होल्टवर चालतं, त्यामुळे त्याचा पहिला टप्पाच बसतो आणि ड्राइव्हचं बटण कुठेही फिरवा, आवाज तोच. मग लोक म्हणतात पेडल खराब आहे. सिंथचा व्हॉल्यूम पावभर ठेवून सुरुवात करा. व्हॉल्यूम खाली केल्यावर सिंथचा खरखराट वर येत असेल, तर केबलमध्ये पॅड (लेव्हल उतरवणारी रेझिस्टरची जोडी) टाका. सिग्नलच्या वाटेत १० किलोओहम, त्याच्यापुढे सिग्नल आणि ग्राउंडमध्ये १ किलोओहम. पाव वॉटचे दोन रेझिस्टर, साधारण २० डीबी उतरतात.

तिसरं, व्होल्काचा आवाज हेडफोनच्या स्टिरिओ भोकातून येतो. त्यात मोनो पिन खुपसली की उजवा चॅनेल सरळ ग्राउंडला शॉर्ट. केबल करताना टिप जोडा, मधली रिंग मोकळी सोडा, स्लीव्हला स्लीव्ह.

कऱ्हाड_सबऑस

काका, पॅडचं बरोबर. त्याला एक जोड. फझ फेस पद्धतीचे जुन्या घडणीचे फझ सिंथमागे वाईट वाजतात, त्याला लेव्हल एकटी कारण नाही. त्यांना पुढे गिटारच्या पिकअपचा जड इम्पिडन्स (सिग्नलच्या वाटेतला विरोध) हवा असतो. सिंथचा आउटपुट त्या मानाने फार हलका. पॅडनंतर सिग्नलमध्ये आणखी २० ते ४७ किलोओहम सिरीजमध्ये घातले की कर्कशपणा पुष्कळ उतरतो. रॅट पेडल किंवा बॉसच्या पेडलांना ही भानगड नाही, त्यांच्या इनपुटला बफर किंवा ऑपॲम्प असतो, त्यामुळे पुढे काय जोडलंय याचा फरक पडत नाही.

खणभाग_२४डीबी

ॲम्प की डीआय हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. आधी पेडलमध्ये काय घालताय ते बघा.

स्क्वेअर वेव्ह डिस्टॉर्शनमध्ये घातली तर काय होतं? जवळपास काही नाही. डिस्टॉर्शन लाटेचं डोकं छाटतं, आणि स्क्वेअरचं डोकं आधीच सपाट असतं. आवाज वाढतो, रंग बदलत नाही. सॉ वेव्हमध्येही सगळे हार्मोनिक्स भरलेलेच असतात. पेडलला खरं काम मिळतं ते ट्रँगल लावली किंवा फिल्टर खाली घेऊन लाट गोल केली तर. कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती जागा) अर्ध्याखाली, रेझोनन्स (तिथला उठाव) बारा-एकच्या काट्यावर, आणि एन्व्हलपने, म्हणजे प्रत्येक सुराबरोबर चढउतार करणाऱ्या सर्किटने, कटऑफ हलवायचा. मग पेडल प्रत्येक सुराला वेगळं बोलतं. म्हणून फिल्टर पेडलच्या आधी. पेडलनंतरचा फिल्टर फक्त झाकपाक करतो.

दुसरी चूक म्हणजे दोन ऑसिलेटर किंचित बेसूर करून जाड करणं. लांबलचक, मऊ सुरांना ठीक, हेवी बेसला घातक. ५५ हर्ट्झवर ५ सेंटचा फरक म्हणजे ०.१६ हर्ट्झची लय. दर सहा सेकंदांनी दोन्हींचे मूळ सूर एकमेकांना खातात आणि हॉलमधला बेस गायब होतो. बोट डॉल्बीवाल्याकडे जातं. सब-ऑसिलेटर वापरा. तो मुख्य ऑसिलेटरची वारंवारता भागून बनतो, म्हणून कायम बांधलेला राहतो.

विश्रामबाग_मोनो

हे पटतं. म्हणूनच मी आर्टुरियाचा मायक्रोब्रूट सिंथ म्हणतो. एकच ऑसिलेटर पण सब आहे, आवाज फाडणारं ब्रूट फॅक्टरचं बटण आहे, वेगळं पेडल नसलं तरी दात दाखवतो.

राजवाडा_फीडबॅक

एमएस-२० मिनी घ्या की. १९७८ चं मूळ डिझाइन, २०१३ ला कोर्गने लहान करून परत काढलं. हाय-पास आणि लो-पास दोन फिल्टर, दोन्ही किंचाळतात. बाहेरचा सिग्नलही आत घेता येतो, म्हणजे ड्रम मशीन त्याच फिल्टरमधून पिळून काढता येतं. हाय-पासवर रेझोनन्स देऊन किकवर फिरवा. मायक्रोब्रूट तिथपर्यंत पोचत नाही.

कऱ्हाड_सबऑस

एमएस-२० ला इतर सिंथ केबलने जोडणार असाल तर थांबा. त्याचा पिच व्होल्टेज (सूर ठरवणारा व्होल्टेज) हर्ट्झ-पर-व्होल्टवर चालतो, मायक्रोब्रूट आणि युरोरॅकचे मॉड्यूलर सिंथ एक व्होल्ट-पर-ऑक्टेव्हवर. जोडणी होते, सूर लागत नाही. मिडीने, म्हणजे सुरांचे डिजिटल संदेश पाठवून, चालवलात तर प्रश्न नाही.

आणि या दोन्हींत आवाज साठवता येत नाही. स्टेजवर गाणी बदलताना बटणं आठवून फिरवायची. कार्यक्रम करायचे असतील तर कोर्गचा मोनोलॉग सिंथ बघा, १०० प्रोग्राम मावतात, ड्राइव्हचं बटण आहे, सहा पेन्सिल सेलवरही चालतो. फिल्टर एमएस-२० इतका रागीट नाही, हे मान्य.

राजवाडा_फीडबॅक

प्रोग्राम साठवले की सगळ्या गाण्यांना एकच चेहरा येतो. कागदावर बटणांची खूण करून ठेवा, फोटो काढा. झालं.

आता पेडलचं. बिग मफ घेऊ नका, पश्चात्ताप होईल. त्याच्या टोन सर्किटमध्ये १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा असतो. खोलीत एकट्याने वाजवताना राजेशाही वाटतो, ड्रम आले की विरघळतो. बॉस एचएम-२ नेमका उलटा, त्याच भागात उठाव देतो. १९८३ चं पेडल, २०२१ ला नव्याने आलं. कलर मिक्सची दोन्ही बटणं पूर्ण उजवीकडे. बेससाठी रॅट, पण त्याचं फिल्टरचं बटण उलटं चालतं. उजवीकडे फिरवलं की आवाज दबतो. नवीन माणूस ते उजवीकडे नेतो आणि धार गेली म्हणून ओरडतो.

खणभाग_२४डीबी

मफ बाद करू नका. खड्डा आहे म्हणूनच गायकाला जागा मिळते. मफ आणि स्वच्छ सिग्नल समांतर मिसळले की खड्डाही भरतो. कुठलंही डिस्टॉर्शन असो, पूर्ण सिग्नल त्यात घालूच नये. वाट दोन भागांत करा. १०० हर्ट्झच्या खालचं स्वच्छ, मोनो, सरळ मिक्सरला. १२० च्या वरचं पेडलमध्ये. बेस हलला नाही म्हणजे डिस्टॉर्शन कितीही वाढवता येतं.

विश्रामबाग_मोनो

आणि वरची वाट लॅपटॉपमधल्या ॲम्प सिम्युलेटरमधून न्या. पेटीही वाचते, माइकही वाचतो.

खणभाग_२४डीबी

न्या, पण खालची वाट बाहेरून आणि वरची लॅपटॉपमधून असं करू नका. लॅपटॉप आवाज तुकड्या-तुकड्यांनी घेतो, त्यामुळे उशीर होतो. १२८ सॅम्पलच्या तुकड्याला (बफरला) ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेचे २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन पाचच्या वर. पाच मिलिसेकंद उशिरा आलेला तोच सूर १०० हर्ट्झवर बरोबर उलटा पडतो. तुम्ही क्रॉसओव्हर (दोन वाटा वेगळ्या होण्याची जागा) ठेवलाय तिथेच खड्डा. दोन्ही वाटा लॅपटॉपमधून काढा, नाहीतर दोन्ही बाहेरून.

बाहेरून काढल्या तरी एका वाटेवर फेज उलटवून (लाट उलटी करून) ऐका. ज्या बाजूला बेस भरीव वाटतो ती बाजू ठेवा. डोळे मीटरवर नकोत.

सोल्डर_मिरज

लॅपटॉप आला की घूंsss आलाच. सिंथ यूएसबीनेही लॅपटॉपला आणि केबलने मिक्सरलाही जोडलेला असतो, ग्राउंडचा वेढा पूर्ण होतो आणि डिस्टॉर्शन तो मोठा करून ऐकवतं. पाच पिनांची जुनी मिडी केबल वापरा, तिच्या इनपुटला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पुढे देणारा भाग) असतो, ग्राउंड जोडलं जात नाही. यूएसबीच लागत असेल तर आवाजाच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा डीआय घालून ग्राउंड लिफ्टचं (ग्राउंड तोडणारं) बटण दाबा.

तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून घूं बंद करणारे बहाद्दर आहेत. तसं करू नका. मांडवात जनरेटर असतो, अर्थिंग नावापुरतं. फॉल्ट आला तर माइक आणि वाद्य यांच्यामध्ये माणूस असतो.

आणि ॲम्प घ्यायचाच तर ट्रान्झिस्टरचा घ्या. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ची जोडी इथल्या कुठल्याही डॉल्बी रिपेअरवाल्याकडे पडलेली असते. व्हॉल्व्हसाठी ईएल३४ ची जुळलेली जोडी पुण्या-मुंबईहून मागवायची, बायस (व्हॉल्व्हचा करंट) लावणारा शोधायचा. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता चालू केला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर बेतते. ट्रान्झिस्टरचा मोकळा राहिला तर बहुतेकदा काही होत नाही, त्याला भीती शॉर्टची.

राजवाडा_फीडबॅक

काका, ट्रान्झिस्टरचा चालेल, माझा हट्ट व्हॉल्व्हचा नाही, स्पीकरचा आहे.

कऱ्हाड_सबऑस

मग मधली वाट आहे. ॲम्पच्या पाठीमागे एफएक्स रिटर्नचं भोक (बाहेरच्या इफेक्टमधून परत आलेला सिग्नल घेणारं) असेल तर पेडलमधून निघालेला सिग्नल पुढच्या इनपुटला न लावता तिथे लावा. प्रीॲम्प (ॲम्पचा पहिला, सूर घडवणारा भाग) पूर्ण टळतो, त्याचं गिटारला बेतलेलं टोन सर्किटही टळतं, उरतो फक्त पॉवर ॲम्प आणि स्पीकर. रिटर्न लाइन लेव्हलचा, म्हणजे गिटारपेक्षा चढ्या सिग्नलसाठीचा असतो, म्हणून सिंथची लेव्हल तिथे खपते, पेडलचा आउटपुट मात्र चढा ठेवावा लागतो. १२० च्या वरचीच वाट त्यात घातली की कोनही सुरक्षित. खरेदीआधी पाठ फिरवून बघा, लहान प्रॅक्टिस ॲम्पना हे भोक बहुधा नसतं.

विश्रामबाग_मोनो

म्हणजे ॲम्प घ्यायचा आणि त्यातला अर्धा वापरायचाच नाही! त्यापेक्षा इम्पल्सचं पेडल स्वस्त. फ्लॅटमध्ये सराव करताना काय करणार? निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्पीकर दबायला जो जोर लागतो तो सोसायटीत मिळणार कधी?

राजवाडा_फीडबॅक

सराव हेडफोनवर करा, कोण नको म्हणतं? पण आवाज बेतायचा तो स्पीकरवर. हेडफोनवर ठरवलेलं डिस्टॉर्शन हॉलमध्ये नेहमी जास्त निघतं. आधी ड्राइव्ह एक चतुर्थांश उतरवा, मग साउंडचेक.

खणभाग_२४डीबी

ड्रम मशीनवर एचएम-२ लावणार असाल तर किक वेगळ्या आउटपुटने काढा. व्होल्का बीट्ससारख्या मशीनला एकच आउटपुट असतो, तिथे किक दुसऱ्या मशीनवरून वाजवा. नाहीतर प्रत्येक किकला हायहॅट खाली दबतो आणि पंप मारल्यासारखी लय होते. काहींना तीच हवी असते, तो भाग वेगळा.