मदत हवी आहे: आजीची वाटणी, लाखेचे दागिने आणि नाव घातलेली भांडी

आजी (सदाशिव पेठ, पुणे) हिंडतीफिरती आहे तोवरच सगळं लिहून ठेवायचं म्हणते. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, तेवढं कळतं. बँकेत आता चार जणांपर्यंत टक्केवारीने नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, भांडणं तिथेच लागतात. म्हणून मृत्युपत्रातही तीच टक्केवारी घालतोय.

अडलंय जिनसांवर. ‘पाटल्या मोठ्या नातीला’ एवढ्याने भागत नाही. वजन, कॅरेट, फोटो हवाच. मोहनमाळेच्या मण्यांत लाख भरलेली आहे. कॅरेटमीटर शुद्धता दाखवतं, लाखेचं वजन नाही. न वितळवता निव्वळ सोनं कसं धरायचं?

आणि तांब्याचा बंब, ठिपक्यांनी नाव घातलेली पितळी पातेली मोडीच्या भावाने धरायची, की जिचं नाव तिलाच द्यायची?