चीनच्या कुठल्या महामंत्र्यावर बोलू? (फक्त 10 मिनिटं)

मधुरा_ठाणे: सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या रविवारी बोलायचंय. बादशाही चीनमधला बलाढ्य महामंत्री आणि त्याचं कोसळणं. 10 मिनिटं, एकच माणूस, ऐकणारे साठीच्या पुढचे, त्यामुळे नावं कमी. कोण घेऊ?

चहाबाज: ली सी. डोळे झाकून. मी ऑफिसात पाऊण तास बोललो, कॅन्टीनवालासुद्धा दारात उभा राहून ऐकत होता. पहिला सम्राट इ.स.पू. 210 ला दौऱ्यावर मेला तर ह्याने आणि दरबारातल्या खोजा झाओ गाओने ते लपवलं, प्रेताचा वास कळू नये म्हणून सोबत खारवलेल्या मासळीची गाडी, मग खोटं फर्मान, थोरला राजपुत्र आत्महत्या करून मोकळा आणि धाकटा गादीवर. दोन वर्षांत त्याच झाओ गाओने ह्याला राजद्रोहात अडकवून भर बाजारात कमरेतून कापवला. मरताना मुलाला म्हणे, आपला पिवळा कुत्रा घेऊन सशामागे जायचं राहिलं आता.

भटक्या_67: हेशेन घ्या हो. मी बीजिंगला त्याचा वाडा बघून आलोय, आता प्रिन्स गोंगचा वाडा म्हणतात, काय ती गर्दी. साधा पहारेकरी, पण चियानलोंगच्या मर्जीतला, शेवटी बादशहाचा व्याही. बादशहा फेब्रुवारी 1799 मध्ये गेला आणि पंधरवड्यात पोराने ह्याला फास लावून घ्यायला रेशमी दोर धाडला. फोटो आहेत, व्यनि करा.

निवृत्त_मास्तर: हेशेन महामंत्री नव्हता. ते पद 1380 मध्येच रद्द झालं. शेवटचा हु वेइयोंग. सम्राट झू युआनझांगने त्याला मारलं, सहाही खाती स्वतःकडे घेतली आणि त्याच खटल्याच्या नावाखाली पुढे कित्येक वर्षं माणसं मारली, आकडा 30,000 सांगतात.

चहाबाज: मास्तर, तुमच्या हिशेबाने पुढची पाचशे वर्षं बाद.

निवृत्त_मास्तर: प्रश्न वाचा. महामंत्री लिहिलंय.

अनामिक_सोलापूर: हु वेइयोंगवर मी बोललोय, पार फसलो. पहिलाच प्रश्न, पुरावा काय? आता बंडाचे बरेचसे आरोप तो मेल्यावर वाढत गेलेत, काय सांगणार कप्पाळ. ली सी चांगलाय, मासळी लक्षात राहते. यान सोंग तेवढा नको, शेवट पचपचीत आहे.

भटक्या_67: वाड्याची बागही बघण्यासारखी आहे.

मधुरा_ठाणे: सगळ्यांचे आभार, यान सोंग घेतेय 😀 त्याच्या सम्राटाला ताओ धर्मातल्या पूजेचं वेड, हा त्याला देवापुढच्या प्रार्थना लिहून देत वर चढला. 1562 मध्ये म्हणे एका मांत्रिकाने प्लँचेटवर देवाकडूनच वदवून घेतलं की दुष्ट मंत्री हाच. मारलं नाही त्याला, मुलाचं मुंडकं उडवलं, घरदार जप्त केलं, म्हातारा ऐंशीच्या पुढे हालात मेला. प्लँचेट आमच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांनी केलेलं आहे, तिथेच 10 मिनिटं संपतील.

निवृत्त_मास्तर: तोही महामंत्री नव्हता. धाग्याचं नाव बदला.